दुखवट्याचा टी-शर्ट

वडील गेले की तेराव्याला सासुरवाडीहून दुखवट्याचे कपडे येतात, ही आमच्याकडची रीत. बायकोच्या माहेरच्यांनी जावयाला नवे कपडे द्यायचे, ते अंगात घालायला लावून त्याला घराबाहेर न्यायचं. म्हणजे माणूस पुन्हा चारचौघांत आला. बहुधा शर्टपीस, पँटपीस आणि पांढरी टोपी येते. पीस कपाटात जातो आणि पुढे कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून बाहेर पडतो.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तेराव्याला रिकाम्या हातांनी आला. तो घाटकोपरला राहतो आणि सकाळी कारण नसताना पळतो. आमच्या आईने, त्या दिवसांतही, त्याचे हात आधी बघितले.

"रिकाम्या हातान इलंस?"

"काकी, पीस शिवतंय कोण आता? सगळं आटपू दे, मग भावोजींना मी दुकानात नेतो. पळायचे कपडे घेऊ."

"पळायचे? खंय पळतलो तो?"

प्रश्न रास्त होता. मी हिवाळी धावपटू. थंडी पडली की सोसायटीच्या बाहेर दोन चकरा मारायच्या आणि होळी झाली की बूट माळ्यावर. इथे तर एप्रिल सुरू झाला होता. पण मी "चालेल" म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच चालेल म्हणत होतो. रडू आलं नव्हतं, आणि फार वाईट वाटत होतं असंही नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल असतो पण आपला नसतो. तसं सगळं अंग झालं होतं.

पुढे एका रविवारी तो आला आणि मला मुलुंडच्या एका दुकानात घेऊन गेला. रिक्षात म्हणाला, "खरं सांगू? ताईने पाठवलंय. तुम्ही ऑफिसला जाता, जेवता, विचारलं तर हो म्हणता. परवा आमटीत मीठ नव्हतं, तर दोन वाट्या प्यायलात."

"नव्हतं का?"

"बघा. ती घाबरलीय, भावोजी. म्हणते, सासरे गेले ते कळलं, पण हा कुठे गेलाय ते कळत नाही."

 मी मीटर बघून सुटे पैसे काढले.

दुकानात गेल्यावर तो शिकवणीच घेऊ लागला. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही, मग ओला गोणपाट अंगावर घेऊन पळायचं. त्यापेक्षा हे पातळ, जाळीचं. रंग फिका हवा, माप सैल हवं. मोजेसुद्धा सुती नकोत, फोड येतात. मांड्यांना व्हॅसलिन लावा, लाजू नका. त्याने पोपटी टी-शर्ट दाखवला, मी चालेल म्हणालो. गुलाबी दाखवला, तोही चालेल. मग त्याने मुद्दाम बायकांच्या विभागातला एक आणला.

"चालेल."

तो हसला नाही. टी-शर्ट परत ठेवून आला आणि स्वतःच एक फिका निळा निवडला.

टोपीपाशी मात्र अडलं. माझं डोकं भादरलेलं, नुकते कुठे खुंट आलेले. त्यामुळे जी टोपी घालावी ती फिरायची किंवा खुंटांना अडकायची. "केस येईपर्यंत हीच महत्त्वाची," मेहुणा म्हणाला. "नाहीतर टाळू भाजेल." शेवटी मागे पट्टा आवळता येईल अशी पांढरी टोपी मिळाली. दुखवट्याच्या टोपीचा रंग आपोआपच पाळला गेला. हे आईला सांगायला हवं, असं वाटलं. मग राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना तो पुन्हा हजर. रीतच होती, कपडे देणाऱ्यानेच बाहेर न्यायचं. आईने आखूड चड्डीखालच्या माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. बायको दारात उभी होती. आम्ही निघालो. एवढ्या सकाळीही हवा अशी, की कुणीतरी नुकतंच कुकरचं झाकण काढलंय. पाय पडत होते, माझेच असावेत. नाहूरच्या बाजूला वळलो तेव्हा मी थांबलो.

"काय झालं? दम लागला?"

"मानेला टोचतंय काहीतरी. मघापासून. वैताग आलाय."

 मेहुण्याने खिशातून फोन काढून तिथेच बहिणीला लावला. "ताई, भावोजींना टोचतंय. नाही गं, स्वतःहून म्हणाले. वैतागलेत." मग थोडं थांबून, "अगं रडतेस काय, पडलेबिडले नाहीयेत."

मी टी-शर्ट काढला. भर रस्त्यात उघडा, गोटा केलेला, चड्डीतला माणूस. दूध घेऊन चाललेल्या एका आजींनी पलीकडचा फुटपाथ धरला. किमतीच्या चिठ्ठीचा प्लास्टिकचा तुकडा कॉलरच्या आत राहिला होता. मेहुण्याने तो दाताने तोडला, थुंकला आणि टी-शर्ट झटकून माझ्यापुढे धरला.

"घाला."

मी घातला. मान अजून चुरचुरत होती. तो पुढे निघाला, मी मागून.