करकोच्याशी बोललेलं

छत्रीवाल्या काकांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, तो करकोचा अजून उभा असतो. एका पायावर. रस्त्यावरून जाणारे थांबतात, फोटो काढतात, नशीबवान घर म्हणतात. काका दुकानातून मान वर करत नाहीत.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण. दुकानात काका छत्र्या दुरुस्त करतात, अंगणात पक्षी. पंखाचं हाड मोडलेला पक्षी वनखात्याच्या डॉक्टरांकडे जातो. पिसं मोडलेला पक्षी मात्र डॉक्टरच काकांकडे पाठवतात. मोडकं पीस आपोआप झडेपर्यंत नवं येत नाही, आणि तोवर पक्ष्याला जमिनीवर कुणीही खातं. म्हणून काका ते पीस मुळाजवळ कापतात. आतून ते पोकळ असतं. पोकळीत बांबूची घासून बारीक केलेली काडी, काडीच्या दुसऱ्या टोकाला मेलेल्या पक्ष्याचं पीस, मध्ये थेंबभर गोंद. त्याच जातीचं, त्याच जागेचं. डाव्या पंखाचं उजव्याला चालत नाही. अशी पिसं ते छत्र्यांच्या लांब खोक्यांत जपतात. एकदा एका गिऱ्हाइकाने नवी छत्री समजून खोकं उघडलं. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

काकांचा नियम एकच. पक्ष्यासमोर बोलायचं नाही. पिंजऱ्याभोवती छत्रीच्या काळ्या कापडाचा पडदा, खाणं फटीतून चिमट्याने. "माणसाचा आवाज ओळखीचा झाला की पाखरू कामातून गेलं," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. माझ्या दुप्पट वयाचा हा माणूस माझा मित्र झाला, पण त्यानंतर त्यांनी मला इतकं लांब वाक्य क्वचितच ऐकवलं.

अंगणातला नियम हळूहळू घरात शिरला होता. काकू त्यावर गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

"छत्रीसुद्धा उघडताना आवाज करते," त्या म्हणायच्या. "यांच्याशी संसार म्हणजे बंद रेडिओ रोज पुसून ठेवणं. तू साहित्य शिकलास ना? मग दोन वाक्यं शिकव यांना."

काका हसायचे. तेही आवाज न करता.

एकुलती मुलगी नोकरीसाठी दूर देशी गेली होती. तिचा फोन आला की काकू तासभर बोलत. मग फोन काकांच्या कानाला लावत. काका "हं" म्हणत. दोनदा. फोन परत काकूंकडे.

करकोचा गेल्या हिवाळ्याच्या शेवटी आला. मत्स्यतळ्यावरच्या जाळीत अडकून डाव्या पंखाची पिसं मोडली होती. पहिलाच प्रवास असावा त्याचा, चोच अजून पुरती लाल झाली नव्हती. थंडीपुरते येणारे हे पक्षी ऊन चढू लागलं की तलावावर जमतात आणि एका दिवशी थव्याने उत्तरेला निघतात. नवख्या पक्ष्याला वाट म्हणजे पुढे उडणारा पक्षी. थवा चुकला की वाट चुकली. काकांनी पिसं जोडली. गोंद वाळला. जोड पक्के आहेत, आता थवा जमला की सोडायचा, असं डॉक्टर सांगून गेले.

थव्यावर लक्ष ठेवणं हे काकूंचं काम. कपडे वाळत घालायला त्या रोज गच्चीवर जात, तिथून तलाव दिसतो. दरवर्षी त्याच वरून ओरडत, "अहो, जमली बरं का मंडळी!"

एका संध्याकाळी मी गेलो तर दुकान रिकामं. आतून काकांचा आवाज येत होता. सलग. मला वाटलं, पाहुणे आलेत.

मागच्या दाराशी काकू पाटावर बसल्या होत्या. मांडीवर शेंगांचं ताट. एकही शेंग सोललेली नव्हती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पडद्याआड काका करकोच्याशी बोलत होते.

"ती निघाली तेव्हा माझ्या हातात घुबड होतं. तिला वाटलं, बाबांचे हात अडकलेत. पाया पडली आणि गेली. घुबड खाली ठेवता आलं असतं रे."

करकोच्याला कंठातून आवाज काढता येत नाही. तो चोच वाजवतो. टकटकटक आवाज आला. काका पुढे बोलू लागले.

मी काकूंकडे बघितलं. त्या रडत नव्हत्या. परीक्षेचा निकाल ऐकावा तशा ऐकत होत्या.

"रोज बोलतात," त्या कुजबुजल्या. "काल माझ्याबद्दल बोलले. माझ्या आजारपणात घाबरले होते म्हणे. मला वाटलं होतं, यांना पत्ताच नाही."

"पण काकू, नियम..."

"ठाऊक आहे मला नियम. तू जा आता."

मी गेलो. नंतर गेलो तेव्हाही पडद्याआड तोच आवाज, दाराशी तेच ताट. गच्चीवरून मात्र हाक आली नाही. मला वाटलं, थवा अजून जमला नसेल.

मग एका सकाळी काका छत्री द्यायला रस्त्यापलीकडे निघाले. मी दुकानात होतो. ते मध्येच थांबले आणि वर बघत राहिले. खूप उंचावर पांढरे ठिपके गोल फिरत होते. एकेक गिरकी उत्तरेला सरकत होती.

ते आत आले. छत्री तशीच हातात.

"कधी जमले होते?"

"झाला आठवडा," काकू म्हणाल्या.

"मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

काकूंनी पदर मुठीत धरला. "तुम्ही बोलत होता."

काका चटकन अंगणात गेले. त्यांनी पडदा ओढून काढला, दार उघडलं. करकोचा चार पावलं चालला, धावला आणि उडाला. जोडलेलं प्रत्येक पीस टिकलं. इतकं सुंदर उडणं मी जवळून कधी बघितलं नव्हतं. त्याने घरावर एक फेरी घेतली आणि टाकीवर बसला.

"जा!" काका ओरडले. "अरे, जा ना! ते बघ, तिकडे!"

ओळखीचा आवाज ऐकून तो खाली उतरला. काकांसमोर उभा राहिला आणि मान मागे टाकून चोच वाजवू लागला.

काका पुन्हा ओरडले नाहीत.

डॉक्टरांनी येऊन बघितलं. पकडून पाठवण्यात अर्थ नाही, म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात थवा येईल. तोवर माणसाचा नाद सुटला तर कदाचित जाईल. "याच्या कानावर तुमचा आवाज पडता कामा नये, काका. घरातूनही नको." काकांनी मान हलवली.

आता ते दुकानातही बोलत नाहीत. गिऱ्हाइकाला बोटांनी पैसे सांगतात. काकू टोमणे मारत नाहीत, मला त्याचीच भीती वाटते. परवा एवढंच म्हणाल्या, "त्या वेळी मी दार ढकलून अंगणात गेले असते, तर हे माझ्याशीही बोलले असते का रे?"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. काकू नेहमीइतकं बोलल्या नाहीत. पलीकडून मुलगी म्हणत होती ते मलाही ऐकू आलं. "आई, बाबांना दे ना."

काकूंनी फोन पुढे केला. काकांनी तो घेतला. ओठ उघडले. वर गच्चीत, टाकीच्या पत्र्यावर करकोच्याची नखं खरखरली. काकांनी फोन परत दिला.

"त्यांचे हात अडकलेत गं," काकू म्हणाल्या.

काकांचे दोन्ही हात मांडीवर होते. रिकामे.