चपलेवरचा दगड

“अठीच थांबा जी, फादर. इथून पुढं कोणी जात नाही,” असं म्हणून वंदनाताईंनी माझी बाही धरली.

मी फादर नाही. मी लग्न झालेला पाळक, दोन मुलांचा बाप. पण मुकुटबनच्या बाजूला चर्चमधून कोणीही आलं तरी तो फादरच, आणि दुरुस्त करणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. आमच्या मिशन दवाखान्यात मी चॅप्लिन होतो. चॅप्लिन म्हणजे जो औषध देत नाही, बिल करत नाही, नुसता पेशंटजवळ बसतो. आमचे डॉक्टर याला काम मानत नसत.

समोर ताईंचं वावर होतं. फेब्रुवारी संपत आला होता आणि कापूस वेचलेलाच नव्हता. भर दुपारी ते सगळं रान पांढरंफेक दिसत होतं. बोंडांतून लोंबलेला कापूस खाली गळून पडला होता. कापसाच्या पऱ्हाट्यांमध्ये जागोजागी तुरीच्या काड्या, तुराट्या, रोवलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला लाल चिंधी. वारा मुळीच नव्हता. मधोमध मचाणापाशी एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता.

“वेचाले बाया आणल्या तं यायनं वरडून हाकलून देल्या,” ताई म्हणाल्या. “म्हणे, खाली सुरुंग हाय. तीन दिवसांपासून पाणी बी नाही घेतलं. मी आत गेली तं मलेच जिवाची शपथ घालतेत.”

ते म्हणजे त्यांचे यजमान, हवालदार देवानंद. इंजिनियर रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. सरहद्दीवर एकदा लढाईच्या तयारीत शेतांमधून सुरुंग पेरले होते. लढाई झाली नाही. मग ते काढायचं काम यांच्या तुकडीकडे आलं. तिकडेही कापसाचीच शेतं होती. जमीन तपासून झाली की तपासणारा ‘साफ’ म्हणतो आणि जोडीदार तिच्यावरून चालतो. देवानंद साफ म्हणाले. पण मधल्या पावसानं रेती सरकली होती. जोडीदार गेला.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात जो येई तो कापूसवाल्यांच्या आत्महत्यांची चौकशी करायला येई. सैनिकाला पेन्शन आहे, म्हणजे त्याचं बरं चाललंय, असा सगळ्यांचा समज. गावानं मात्र देवानंदांना वेडं ठरवलं नाही. उलट गाव हळूहळू घाबरायला लागलं. वावराकडेची पायवाट मोडली. एकाची शेळी आत शिरली, तर तो आणायला गेला नाही. ती आपली चरून धडधाकट बाहेर आली, तेव्हा त्यानं तिला घरात घेतलं नाही, परस्पर बाजारात विकली.

सकाळीच डॉक्टरांशी माझं वाजलं होतं.

“सरळ चालत जा,” ते म्हणाले. “काही फुटलं नाही की त्याचा भ्रम जाईल.”

“पुराव्यानं जात नाही त्यालाच भ्रम म्हणतात. तुम्हीच शिकवलंत.”

“मग काय करणार? संध्याकाळपर्यंत सलाईन लागलं नाही तर तो वाचायचा नाही. मी पोलीस पाठवतो.”

“पोलीस आत शिरले तर ते सगळे मेले, असंच तो धरून चालेल. संध्याकाळपर्यंत मला द्या.”

मी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, हाक मारली. “हवालदारसाहेब, मला आत यायचंय. वाट दाखवता?”

त्यांनी वळून बराच वेळ पाहिलं. मग आले. चुना लावलेल्या दगडांच्या दोन रांगांमधून, नागमोडी. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मिशी मात्र व्यवस्थित कातरलेली.

“माह्या पावलावर पाऊल टाका. बाजूले नाही.”

खाली भेगाळलेली काळी माती आहे आणि दुसरं काही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. थोडं आत गेल्यावर त्या माहितीचा उपयोग होईना. एकही पाखरू ओरडत नव्हतं. त्यांच्या पावलाचा ठसा सापडेपर्यंत माझा पाय हवेत थांबायला लागला. मला स्वतःचाच राग आला. त्या रागात एका पऱ्हाटीत पॅन्ट अडकली, तोल गेला आणि डावा पाय दगडांच्या बाहेर पडला.

खाली ‘कट्’ असा आवाज झाला.

“हलू नका,” देवानंद अगदी हळू म्हणाले.

काडी मोडली असेल. खापरी असेल. हे मी आज म्हणतो. तेव्हा माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी मनातल्या मनात प्रभूचा धावा करत होतो. देवानंद पालथे झाले, सरपटत आले आणि त्यांनी माझ्या पावलाच्या दोन्ही बाजूंनी चप्पल हातांनी गच्च दाबून धरली.

“आता पाय काढा. चप्पल राहू द्या. मांगं जाऊन मचाणाआड आडवे व्हा.”

“आणि तुम्ही?”

“माहे हात हायेत ना.”

स्वतःच्या हिशेबानं तो माणूस मरायला तयार होऊन माझ्या पायाखाली पडला होता. दुसऱ्याच्या जागी कुणीतरी जीव दिला, हे मी आयुष्यभर प्रवचनातून सांगत आलो. मला ते त्या दिवशी कळलं. पाय काढताना मी रडत होतो आणि मला त्याची लाजही वाटली नाही. मचाणाआड मात्र गेलो नाही. वाटेवरचा एक मोठा दगड उचलून आणला. त्यांनी तो चपलेवर ठेवला, एकेक बोट सोडवलं आणि मग तिथेच बसून राहिले.

“त्याच्या पायाखाली हात ठेवाले मी पोचलो नाही, फादर.”

“आज पोचलात.”

त्यांनी दगड पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाले, “तुमचा देव पहारा देते काय?”

“देतो. तो झोपत नाही, असं आम्ही मानतो.”

“मंग मले कायले उभं ठेवलं?”

“ते मला नाही माहीत. पण आज त्यानं बदलीचा माणूस पाठवला आहे. तुम्ही दवाखान्यात जा. इथली ड्यूटी मी घेतो.”

“कोणी आत आलं तं?”

“येऊ देणार नाही.”

ते उठले, ताठ झाले आणि त्यांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला. माझ्या पायात एकच चप्पल होती. मग ठशांवरून ठसे टाकत ते बाहेर गेले. धुऱ्यावर ताईंनी तांब्या पुढे केला आणि ते गटागटा पाणी प्यायले. दवाखान्याची जीप त्यांना घेऊन गेली. सूर्य मावळतीला कलेपर्यंत त्या पांढऱ्या रानात मी एकटा बसून होतो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांनी आधी तेच विचारलं. “कोणी आत आलतं?”

“नाही.”

“तुम्ही बाहीर कसे आले?”

“तुमच्या ठशांवरून.”

“मंग बराबर,” म्हणाले आणि कूस बदलून झोपले. डॉक्टर मला दारात गाठून म्हणाले, “खाली काही नव्हतं, तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग ठशांवरून कशाला आलात?”

पहाऱ्यावरच्या माणसाला समजावून घरी पाठवता येत नाही, त्याची ड्यूटी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की ती आपलीही होते. हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नव्हता.

देवानंदांना बरं व्हायला पुष्कळ महिने लागले. अजूनही एखादा दिवस वाईट जातो. पण ते वावर पेरतात, ताई बाया लावून कापूस वेचतात. एवढ्या रानात फक्त एक हातभर जागा नांगरायची सोडलेली आहे. तिथे तो दगड आहे आणि त्याखाली माझी चप्पल. मी दरवर्षी जातो, चहा घेतो, आणि चप्पल काही परत मागत नाही.