माकूळ लागलंय

ह्यांना जाऊन तीन महिने झाले होते, तरी ह्यांचा मोबाईल मी रोज चार्ज करत होते. कशासाठी, ते सांगता येणार नाही. दिवाळी होऊनही महिना उलटला होता. एका रात्री मी दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवत असताना तो वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर.

"साहेब, माकूळ लागलंय! काल अमावास्या झाली, पाणी अगदी काच आहे. येताय ना?"

माकूळ म्हणजे काय, मला काही कळेना. "मी त्यांची मिसेस बोलतेय," मी म्हटलं.

"अरे, वहिनी! नमस्कार, नमस्कार. साहेब कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत."

असं का म्हटलं कोण जाणे. पलीकडचा माणूस खुशीत होता, त्याच्या मागे वारा ऐकू येत होता. "बरं, आले की सांगा. दिवाळीनंतर नक्की येतो म्हणालेले," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

रात्रभर मला ते खोटं टोचत राहिलं.

आमचं घर गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेत शिकवते. हे सरकारी खात्यात नकाशे काढायच्या कामाला होते. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना यांची बदली रत्नागिरीला झाली. मुलगी तेव्हा बारावीला, माझी नोकरी इथली. हे एकटेच गेले, खोली घेऊन राहिले. रोज रात्री दहाला फोन यायचा. "जेवलो. आता झोपतो. तू पण झोप." दोन मिनिटांच्या वर बोलणं नसायचं. मी वह्या तपासत असायचे, मलाही ते बरंच वाटायचं.

माळ्यावर यांची एक पिशवी होती, ती दुसऱ्या दिवशी काढली. दोन तुकड्यांची गळाची काठी, रीळ, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात रंगीत कापडाच्या पाच-सहा कोळंब्या. प्रत्येकीच्या शेपटाला सुयांचं गोल झुडूप. हे सायखेड्याचे, गोदावरीच्या काठावर वाढलेले. लहानपणी दोऱ्याने मासे धरायचे हे मला ठाऊक होतं. पण मी नामपूरची. आमच्याकडे मासा म्हणजे बाजारातला सुका बोंबील. यांच्या नदीच्या गोष्टी मी कधी नीट ऐकल्या नव्हत्या.

मी त्या नंबरवर फोन केला. "शनिवारी सकाळी पोचते," म्हटलं.

"या, या! साहेब पण?"

"आल्यावर बोलू."

फोनवरचा तो माणूस रत्नागिरीच्या स्टँडवर घ्यायला आला होता. साठीचा, काळा, अंगाने काटक. पूर्वी मोठ्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमात चालायची. गुडघे गेल्यापासून घरीच. मी उतरले तरी तो माझ्याकडे बघेना, माझ्या मागे बसच्या दाराकडे बघत राहिला. सगळी माणसं उतरली. कंडक्टरने दार ओढून घेतलं.

"मी एकटीच आलेय," मी म्हटलं. "ते गेले. श्रावणात. झोपेतच."

तो बाकावर बसला. "साहेब बाहेर गेलेत म्हणालात तुम्ही," तो म्हणाला.

"हो. फोनवर जमलं नाही सांगायला."

त्याने मान हलवली आणि माझ्या हातातली यांची गळाची पिशवी उचलली.

दिवसभर मी त्यांच्या घरी होते. त्याच्या बायकोने मला जेवू घातलं, झोपायला चटई दिली, एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी तोच म्हणाला, "वहिनी, जेट्टीवर येता?"

जेट्टी म्हणजे पाण्यात शिरलेला सिमेंटचा लांब धक्का. कडेला टायर बांधलेले, डिझेलचा आणि बर्फाचा वास. एका खांबावर दिवा होता. त्याच्या उजेडात पाणी हिरवं दिसत होतं, पुढे सगळा काळोख. तीन-चार माणसं अंतरा-अंतरावर गळ घेऊन उभी होती. तांडेलाने हळू आवाजात त्यांना सांगितलं. एकेक जण माझ्याकडे बघून हात जोडून परत पाण्याकडे वळला.

"साहेब इथे उभे राहायचे," तांडेल म्हणाला. उजेड संपतो आणि अंधार सुरू होतो त्या रेषेवर. "माकूळ, ते स्क्विड म्हणतात ना, ते अंधारात दबा धरतं आणि उजेडातलं खातं."

त्याने यांचा गळ जोडला, कापडी कोळंबी बांधली आणि माझ्या हातात दिला. "सोडा खाली. दहा मोजा. आता वर दोन झटके. थांबा. थांबताना धरतं ते."

मी झटके देत राहिले, थांबत राहिले. तासभर काही नाही. मनगट दुखायला लागलं. मग मी विचारलं, "हे रोज यायचे?"

"रोज. पावसाळा सोडून. खोलीवर जाऊन काय करू म्हणायचे. मिळालेलं सगळं आम्हाला वाटून टाकायचे."

"पण दहाला मला फोन करायचे, झोपतो म्हणून."

तो जरा हसला. "हो ना. दहा वाजले की आम्हाला सांगायचे, गप्प बसा रे दोन मिनिटं. आम्ही सगळे गप्प. एकदा बोटीचा भोंगा वाजला तर फोनवर हात दाबून धरला. म्हणायचे, रात्रीचा पाण्यावर असतो कळलं तर ती झोपणार नाही."

त्या माणसांकडे मी बघितलं. तीन वर्षं ही माणसं माझ्यासाठी गप्प राहिली होती, आणि मला त्यांची नावंही ठाऊक नव्हती.

तेवढ्यात गळ जड झाला. मासा ओढेल तशी ओढ नव्हती, ओलं धुणं अडकावं तसं वजन. "ढिला सोडू नका!" तांडेल ओरडला. मी रीळ फिरवत राहिले. पाण्यातून माकूळ वर आलं, तांबूस, मग एकदम पांढरं, मग परत तांबूस ठिपके. अंगावर दिवे लागत-विझत असल्यासारखं. वर येताच त्याने माझ्या साडीवर काळी पिचकारी मारली. सगळे हसले. मीही मोठ्याने हसले, आणि हसता हसता सवयीने बाजूला वळले, यांना दाखवायला.

त्यानंतर मी गळ टाकला नाही. कठड्यावर बसून राहिले.

निवृत्तीनंतर हे घरी सात महिने होते. रात्री एकेक वाजेपर्यंत गॅलरीत उभे राहायचे. खाली पार्किंगचा दिवा, दोन कुत्री, उभ्या गाड्या. मी आतून म्हणायचे, "झोपा आता." हे येऊन झोपायचे. तिथे तीन वर्षं एकटे पडले म्हणून मला यांची दया यायची. एकटे ते आमच्या घरात आल्यावर पडले होते. मी शेजारी असताना. मी एकदा तरी उठून गॅलरीत गेले असते, काय बघताय विचारलं असतं, तर कदाचित सांगितलं असतं.

रविवारी सकाळी तांडेलाच्या बायकोने ते माकूळ कांदा-खोबऱ्यात केलं. मी दोन तुकडे खाल्ले. चिवट होतं, थोडं गोडसर. गळ मी तांडेलालाच ठेवून घ्यायला सांगितला. त्याने आधी नको म्हटलं, मग घेतला.

सोमवारी संध्याकाळी मुलीचा बंगळुरूहून फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, जेट्टी, दहाचा फोन, गप्प बसणारी माणसं.

"आई," ती म्हणाली, "मला माहीत होतं. बाबा फोटो पाठवायचे. तुला सांगू नको म्हणाले होते."

"किती फोटो?"

"खूप आहेत. पाठवू?"

"आत्ता नको," मी म्हटलं. तिने जेवलीस का विचारलं, मी हो म्हटलं. फोन ठेवून सातवीच्या वह्या पुढे ओढल्या आणि पहिलं पान तीनदा वाचलं.