एकेक सूत कमी

सगळे त्याला 'गुण्या मिस्त्री' म्हणत. गुण्या म्हणजे सुतार काटकोन तपासतो ते हत्यार. हा माणूस कुणाकडे गेला, तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा आणि मग बसायचा. बायको म्हणायची, लग्नाच्या फोटोतसुद्धा यांची नजर माझ्यावर नाही, मागच्या दाराच्या चौकटीवर आहे.

अशा माणसाकडे एका जुन्या घराच्या जिन्याचं काम आलं. घर निवृत्त शिक्षिकाबाईंचं. दुरुस्ती त्यांचा भाचा करवून घेत होता, तीही दुसऱ्या शहरातून, फोनवर, उंटावरून शेळ्या हाकत. कुजल्या होत्या दोनच पायऱ्या, पण त्याला अख्खा जिना नवा हवा होता. मिस्त्रीनंही नुसत्या नजरेनं सांगून टाकलं होतं, की पायऱ्या सारख्या नाहीत, मोडलेलाच बरा.

बाईंची छाती अधू. त्यांचं एकच म्हणणं होतं: याच जिन्यानं मला दम लागत नाही, हा गेला तर वरची खोली सुटली, खालच्या अंधारात दिवस काढावे लागतील. मिस्त्री मनात हसला. म्हटलं, सवय, दुसरं काय!

मोडण्याआधी त्यानं टेप लावला. पहिली पायरी साडेसात इंच उंच. दुसरी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग कमी. जुन्या सुताराच्या नावानं त्यानं बोटं मोडली. तिसरी आणखी एक सूत कमी. चौथीही. मग मात्र तो भराभर पुढच्या मोजत गेला. सतराव्या पायरीपर्यंत, न चुकता, एकेक सूत. शेवटची भरली साडेपाच. चढणारा जसा थकेल, तशी पायरी बुटकी होत गेली होती. कुठे खिळा नाही, सांध्यात कागद शिरणार नाही. त्यानं हातोडा पिशवीत परत ठेवला. इतकं मोठं काम त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्यानं भाच्याला फोन लावला. जिना मोडायचा नाही म्हणाला.

"अहो, वाकडा आहे असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो. चुकलो. तीस वर्षं मी लाकूड मोजतोय, साहेब. या माणसानं चढणाऱ्याचा दम मोजलाय."

भाचा कुरकुरत कबूल झाला. त्या दोन पायऱ्यांना मिस्त्रीनं आठवडा लावला, कारण एक सूत इकडेतिकडे झालं असतं तर त्यानं स्वतःला माफ केलं नसतं.

काम झालं, आणि तो जिन्याच्या तळाशी श्वास रोखून उभा राहिला. बाई भाच्याच्या तक्रारी सांगत वर निघाल्या. वाक्य पहिल्या पायरीवर सुरू झालं आणि सतराव्या पायरीवर संपलं. मध्ये ते एकदाही तुटलं नाही.