उचला की, काका

ह्यांचा फोन मी दिवसकार्य आटोपल्यावर पहिल्यांदा चार्जिंगला लावला. बँकेचं काम होतं, आणि बँकेचा ओटीपी त्यांच्याच नंबरवर यायचा होता. फोन सुरू झाला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकामागून एक संदेश येऊ लागले. त्यांत बँकेचा नव्हता. सगळे त्यांच्या गेममधले होते.

पहिला होता, ‘काका, नेट गेलं का?’ त्याच्याखाली, ‘तुम्ही शेजारीच उभे होतात. मी पडलो होतो. हातसुद्धा लावला नाहीत.’ मग, ‘मधूनच सोडून जायचं होतं तर सांगायचं. आम्हाला तुम्हीच शिकवायलात ना?’ मग, ‘आणि वर घरातल्या कुणाकडून तरी गप रे म्हणायला लावलंत. बरं वाटलं का?’ हे सगळे एकाचेच होते. टीममधल्या मुलीचे दोनच होते. ‘काका, आमच्यावर रागावलात का?’ आणि अलीकडचा, ‘तुमच्या जागी कुणाला घेऊ का? तुम्ही सांगाल तसं.’

मी ते वाचले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. बँकेचं काम त्या दिवशी राहिलं.

त्या दिवसांत मला फारसं काही वाटत नव्हतं. माणसं येत होती, बसत होती, मी चहा टाकत होते. कोणी रडलं तर मी त्यांना पाणी देत होते. या संदेशांनीही रडू आलं नाही. पण ‘मधूनच सोडून जायचं’ हे शब्द माझ्यासमोरून हलेनात. शाळेत दुसऱ्या कुणाच्या तासाला फळ्यावर काहीतरी चुकीचं लिहिलेलं राहतं, आणि आपण आपला तास घेत असताना ते सारखं दिसत राहतं, तसं. ते पुसायला हवं होतं, आणि पुसणारी मी एकटीच होते. त्या दोघांना माझ्याशिवाय कोणी सांगणार नव्हतं. आमच्या ओळखीच्या कुणाला ते दोघं आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं.

माझे यजमान पोफळीच्या वीजगृहात कंट्रोल रूमला होते. निवृत्त झाल्यावर आम्ही रत्नागिरीत फ्लॅट घेतला. शाळेत मराठी शिकवण्याची माझी नोकरी तोवर पोफळीहून इथे बदलून आली होती. त्यांचा दिवस जाईना. आमची मुलगी पुण्याहून आली असताना तिने त्यांच्या फोनवर हा गेम घालून दिला. बुद्धिबळ घालून देईल असं मला वाटलं होतं. हा बंदुकांचा होता. एका बेटावर पुष्कळ टीम उतरतात, प्रत्येकीत तीन माणसं, आणि शेवटी उरेल ती टीम जिंकते. त्यांना गेमने जे दोघे जोडीदार दिले, त्यांतला एक लातूरचा, कुरियरच्या गोदामात कामाला. दुसरी जळगावची, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी. दोघं तिशीच्या आतबाहेरची. ते तिघं एकमेकांना कधीच भेटले नाहीत. दुपारचा चहा झाला की हे बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसत आणि मी स्वयंपाकघरातून त्यांचं बोलणं ऐकत असे.

गेमच्या नावाखाली ते कंट्रोल रूमच चालवत होते, असं मला वाटे. तिथे फोनवर कोणी काही सांगितलं की ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. म्हणजे चूक राहत नाही. इथेही जळगावची मुलगी म्हणाली, ‘काका, पिवळ्या घरात दोघं,’ की हे म्हणत, ‘पिवळ्या घरात दोघं. कळलं.’ सुरुवातीला लातूरकर हसायचा.

‘काका, रेडिओ स्टेशन लावलंय का? एकदा बातमी झाली की!’

‘तुला ऐकू आली ना? मग झालं.’

‘मी तिच्या गावापर्यंत पळून आलो तोवर. किती सावकाश चालायलात!’

‘वायच दम धर. तू पळतोस म्हणून पहिला पडतोस. आणि मग मला वाकावं लागतं.’

‘वायच’ म्हणजे थोडा, जरा. त्यांचं गाव हेदवीच्या बाजूला, आणि माझ्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तो शब्द त्यांच्या तोंडून गेला नव्हता. पुढे जळगावची मुलगीही म्हणू लागली, ‘वायच थांबा, गोळ्या भरते.’ ती तो इतका चुकीच्या हेलात म्हणायची, की हे खुर्चीत हसून हलायचे.

सापडलेलं सामान ते आधी विचारून घेत. ‘ही दुर्बीण तुला हवी का? तुझ्या बंदुकीला बसेल.’ मुलगी म्हणायची, काका, तुम्ही समोरच्याला गोळी घालतानासुद्धा ‘माफ करा हां’ म्हणता. चूक कोणाची झाली तर खेळ चालू असताना ते बोलत नसत. खेळ संपला की विचारत, ‘त्या पुलावर काय झालं बरं?’ आणि समोरचा आपणच सांगायला लागे. स्वतः मेले तर, म्हणजे गेममध्ये, माइक बंद करून पडद्याकडे बघत बसत. मी एकदा म्हटलं, संपलं ना तुमचं, मग जेवायला चला. ते म्हणाले, ‘ते दोघं आहेत अजून. मी बोललो तर त्यांना पावलं ऐकू येणार नाहीत. पण उठून जाणं बरं दिसत नाही.’

आणि मधून उठायचं नाही, हा त्यांचा पक्का नियम. वीजगृहात पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत खुर्ची सोडता येत नाही. एका पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड आली आणि पुढचा माणूस वर अडकला, तेव्हा ते दुसरी पाळीही तसेच बसले होते. मी कॉलनीतून डबा पाठवला होता. त्याचं त्यांना कौतुक नव्हतं, तक्रारही नव्हती. गेममध्ये कोणी मधूनच निघून गेलं की मात्र ते दिवसभर बोलत. ‘नेट गेलं तर समजू शकतो,’ म्हणायचे. ‘पण कंटाळा आला म्हणून?’

या गेममध्ये गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर पडतो, रांगतो, आणि त्याचा जीव हळूहळू कमी होत जातो. त्या वेळात टीममधल्या कोणी जवळ येऊन एक बटण धरून ठेवलं तर तो उभा राहतो. याला इंग्रजी शब्द आहे, पण ही तिघं ‘उचलणं’ म्हणत. ‘उचल मला’, ‘आधी तिला उचला’, ‘काका, तुम्ही मला आज किती वेळा उचललंत!’ लातूरकराची ‘उचला की, काका’ ही हाक माझ्या कानाला इतकी सरावाची झाली होती, की बाहेरच्या भाजीवाल्याच्या हाकेसारखी ती मला ऐकूच येत नसे.

त्या दिवशीही मी ती तशीच ऐकली. मी तांदूळ निवडत होते. ‘काका, उचला की. काका, मी इथं, तुमच्या पायाशी. उचला की!’ मग मुलीचा आवाज, ‘काका, मागून येताहेत ते.’ मग पुन्हा तो. बराच वेळ तेच चाललं आणि ह्यांचं ‘वायच थांब’ आलं नाही, तेव्हा मी बाहेर गेले.

ते खुर्चीत होते. मान खाली, फोन मांडीवर, दोन्ही हातांत. मी खांद्याला हात लावला. मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. मी शेजारचं दार वाजवलं. शेजारचे भाऊ आले, त्यांनी मान बघितली, नाडी बघितली, आणि ह्यांच्या हातातून फोन काढून घेतला. फोनमधून लातूरकर म्हणत होता, ‘अहो, मेलात की काय काका? उचला की!’ भाऊ म्हणाले, ‘गप रे!’ आणि त्यांनी फोन बंद करून टाकला. मग मला म्हणाले, ‘वहिनी, पायाकडून धरा. उचला.’

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खुर्चीतच संपलं होतं.

मी लिहून कळवायचं ठरवलं. लिहिणं मला जमतं. शाळेच्या अनेक श्रद्धांजल्या मीच लिहिलेल्या आहेत. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ एवढं लिहिलं आणि पुसलं. दुःख होतं असं म्हणावं, इतकंही काही होत नव्हतं. ‘तुमचे काका गेले’ लिहिलं. ते गेले, हेच तर ते दोघं म्हणत होते. मधूनच गेले. मराठीत आपण मेलेल्या माणसाला गेला म्हणतो, ते त्या दिवशी मला नडलं. ‘वारले’ लिहिलं, आणि ती शाळेची सूचना वाटली. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांचा गेम उघडला. काय दाबायचं ते कळत नव्हतं. तेवढ्यात जळगावच्या मुलीचं बोलावणं आलं, पडद्यावर हिरवी पट्टी आली, मी ती दाबली, आणि दोघांचे आवाज बाल्कनीत आले.

‘काका! आलात का?’

‘या या. सवड झाली का साहेबांना?’ लातूरकर म्हणाला. त्याच्या मागे खोकी आपटल्याचे आवाज येत होते.

‘मी काकू बोलतेय,’ मी म्हटलं.

‘अगं बाई, काकू, नमस्कार,’ मुलगी म्हणाली. ‘काकांना म्हणावं, राग सोडा.’

‘ते मधून उठून गेले नाहीत,’ मी म्हटलं. पहिलं हेच आलं. ‘तुम्ही खेळत होतात तेव्हा त्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला. ते खुर्चीतच होते. गप रे ते शेजारचे म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं तुम्ही कोण.’

खोक्यांचा आवाज दूर गेला. तो बहुतेक चालत बाहेर आला असावा.

‘आता कसे आहेत?’ त्याने विचारलं.

मुलगी हळूच म्हणाली, ‘अरे.’

‘वारले,’ मी म्हटलं.

मग मुलगी रडली. प्रयोगशाळेत तिच्या आजूबाजूला माणसं असावीत, कारण तिने कुणाला तरी ‘काही नाही, काही नाही’ म्हटलं. मी थांबले. बाल्कनीत मी त्यांच्याच खुर्चीत बसले होते. कठड्यावर वाळत घातलेली पायपुसणी अजून ओली होती.

‘काकू,’ लातूरकर म्हणाला, ‘मी त्यांना रिपोर्ट केलंय.’

‘म्हणजे?’

‘तक्रार. मधून सोडून गेले म्हणून. ती परत घेता येत नाही.’

‘काय होतं त्याने?’

‘काही दिवस खेळू देत नाहीत.’

‘चालेल त्यांना,’ मी म्हटलं.

मुलगी रडता रडता हसली, आणि हसल्याबद्दल माफी मागायला लागली. मी म्हटलं, असू दे. मग तिने विचारलं, त्यांच्या जागी कोणी घेतलं तर मला वाईट वाटेल का. मी म्हटलं, घ्या. दोघांनी कशाला खेळायचं.

लातूरकराचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, ‘मी शेवटी जे बोललो, ते ऐकलं का त्यांनी?’

‘मी ऐकलं. त्यांचं मला माहीत नाही.’

‘मेलात की काय म्हणालो मी.’

‘हो.’

‘आम्ही सगळेच म्हणतो, काकू. गेममध्ये.’

‘तेही म्हणायचे,’ मी म्हटलं. खरंच म्हणायचे. ‘मेलो रे’ म्हणायचे आणि हसायचे.

‘फोन हातातच होता का त्यांच्या?’

‘दोन्ही हातांत. भाऊंना काढून घ्यावा लागला.’

‘उचलायचं बटण उजवीकडं असतंय,’ तो म्हणाला. ‘खालच्या अंगाला. उजवा अंगठा कुठं होता, काकू?’

मी आठवून बघितलं. मान दिसली, शर्टाची कॉलर दिसली, मांडीवरचा फोन दिसला. हात दिसले. अंगठा दिसला नाही. तो बटणावरच होता असं सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, हे मला कळत होतं.

‘मला नाही आठवत,’ मी म्हटलं.

‘तिथंच असणार,’ मुलगी म्हणाली.

‘हां,’ तो म्हणाला. ‘मी जवळच होतो त्यांच्या. तिथंच असणार.’

नंतर कोणी काही बोललं नाही, आणि कोणी गेलंही नाही. मी फोन हातात धरून बसले. त्याला आणखी काही विचारायचं असलं तर.