लीलाने मालगुजाराच्या अंगणातून सोडवून आणलेला मोती

लीला काल गेली.

"कुत्रेवाली बाई गेली" असं वडशात कोणी म्हणालं असेल, तर त्याला माझा नमस्कार सांगा. माझ्या बायकोला ते नाव आवडायचं.

एका बोटानं टाइप करतोय. चुका सोडून द्या.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी वडशाला रेल्वेत बुकिंग क्लार्क. लग्न होऊन लीला नागपूरहून आली ती एक ट्रंक आणि एक अल्सेशियन कुत्री घेऊन. राणी.

तिचे वडील सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाचे कुत्रे सांभाळायचे. साहेब विलायतेला गेला, राणी यांच्याकडे राहिली.

माझ्या आईनं विचारलं, "पोरी, हे जनावर कुठी बांधशीन?"

"बांधत नसते जी तिले."

पहिल्याच दिवशी!

पुढं राणीला पिल्लं झाली. क्वार्टर दोन खोल्यांचं. एका खोलीत आम्ही तिघं, दुसरीत राणीचं बाळंतपण.

त्यांच्यासाठी कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा भात शिजायचा. नदीपल्याडची सखूबाई मासोळ्या आणून द्यायची, त्या उकडून लीला एकेक काटा काढत बसायची. दुपारभर गोचीड वेचणं.

शेजारणी म्हणायच्या, "पोरं होत नाई म्हणून कुत्रे पोसून राह्यली."

लीलानं ऐकलं. म्हणाली, "पोरं होतीन तवा होतीन. यायले आत्ता भूक लागली."

पिल्लू मागायला आलेल्या माणसाच्या घरी ती आधी स्वतः जाऊन यायची. एका मोठ्या ऑफिसरला तोंडावर नाही म्हणून आली. मी हादरलो. विचारलं, काऊन?

"त्याच्या घरी बायकोच भीत भीत वागते. पिल्लू काय जगन तिथी?"

सगळ्यात देखणा नर तिनं ठेवून घेतला. मोती. त्याला नागपूरच्या डॉग शोला नेलं. तिथं सगळे कोट-हॅटवाले, त्यांच्या मेमसाहेबी थाटाच्या बायका. मधे आमची लीला, पदर खोचून, मोतीला घेऊन ताठ चालत होती.

पहिला नंबर आला.

तो शो पाहायला वैनगंगेपल्याडच्या गावचे मालगुजार आले होते. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली होती, रुबाब गेला नव्हता. महिन्याभरात त्यांची जीप आमच्या दाराशी.

लीलाला द्यायचा नव्हता. पण क्वार्टरमध्ये दोन मोठे कुत्रे ठेवायला मनाई झाली होती. एकाला घर शोधणं भाग होतं. मालगुजारांचं अंगण मोठं. तिनं पैसा घेतला नाही, शब्द घेतला.

"शिकारीले न्यायचं नाई."

"नाई नेत, बाई." माझ्या आईच्या देखत म्हणाले.

हिवाळ्यात नाटकांचे मांडव उभे राहिले, त्याच दिवसांत एका सकाळी सखूबाई मासोळ्या घेऊन आली आणि टोपली न उतरवता दारातच बोलली.

"बाई, तुमच्या मोतीचा पाय शिकारीत डुकरानं फाडला. लंगडते आता. आज बिबट्यासाठी बांधतीन म्हणते त्याले, मचाणाखाली."

लीलानं हातातली परात खाली ठेवली. "तुहा डोंगा कुठी आहे?"

मी रजा टाकली आणि तिच्या लाकडी होडीतून सोबत नदीपल्याड गेलो.

अंगणात मोती बैलबंडीच्या चाकाला बांधलेला. साखळी इतकी आखूड की बसताही येऊ नये. मालगुजार ओसरीवर चहा पीत होते. लीला सरळ गेली आणि साखळी सोडायला लागली.

"ए बाई! काय करून राह्यली?"

"तुमी शब्द मोडला. कुत्रा घेऊन चालली."

ते हसले. "लंगडं जनावर. कोन्या कामाचं?"

"कामाचं नाई म्हणून मारता? मंग तुमी म्हातारे झाल्यावर घरच्यायनं काय करावं?"

अंगणातले गडी हातातलं काम टाकून जवळ आले.

मालगुजारांनी कप ठेवला आणि हाक मारली. "मोती!"

साखळी सुटली होती. आणि मोती गेला. तीन पायांवर, शेपटी हलवत. त्यांच्या जोड्यावर डोकं ठेवून पडला.

"पाह्य. मालक कोण ते त्याले मालूम आहे."

मला वाटलं, संपलं.

लीला ओसरीवर चढली. "त्याले समजत नाई, म्हणून तर मी आली."

वाकून तिनं त्याला उचललं. भरलेला अल्सेशियन! मी धावत जाऊन मागची बाजू धरली. गडी पुढं सरसावले.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "जाऊ द्या तिले."

मालगुजारांची बायको. डोईवर पदर, पण नजर सरळ नवऱ्यावर. बाहेरच्या माणसांसमोर ती कधी बोलली नसावी. गडी मागं सरले. आम्ही तसेच नदीपर्यंत आलो. सखूबाईनं डोंगा हाणला.

"नोकरी कशी राह्यते ते पाहतो" असा मालगुजारांचा निरोप आला. मोती मात्र घरीच राहिला. मनाई असूनही. नोकरीही राहिली.

पुढच्या वर्षी लीला त्याला घेऊन परत नागपूरच्या शोला गेली. गेटवरच्या साहेबानं अडवलं.

"बाई, लंगडा कुत्रा रिंगमध्ये चालत नाही."

"चालते की. पाहा ना."

आणि पूर्ण रिंगण चालवून आणला. हळूहळू. लोक हसले. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. नंबर अर्थातच आला नाही. येताना गार्डच्या डब्यात मोतीशेजारी बसून तिनं शेंगा खाल्ल्या, अर्ध्या त्याला दिल्या.

मोती म्हातारा होऊन आमच्याच उंबऱ्यात गेला. त्याआधी आमच्या थोरल्या लेकीनं त्याच्या पाठीला धरून पहिलं पाऊल टाकलं.

त्यानंतर किती कुत्रे आले, किती घरी दिले, किती परत आणले. लोक म्हणायचे, बाई हट्टी आहे.

होती. साठ-पासष्ट वर्षं मी तो हट्ट जवळून पाहिला. एकदाही स्वतःसाठी नव्हता.

हो समोर, लीला.
मी येऊन राह्यलो.