मॉनिटरची तिसरी बाजू

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं ट्रेसर होते. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारा कारखाना. बादल्यांचे, डब्यांचे, झाकणांचे. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचे आणि मी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईनं ते उतरवून घ्यायचे. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं अलगद खरवडायची, नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा आणि परत ओढायची. माझ्या रेघेला कधी शाईची गाठ पडली नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते.

प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी असत. पहिलीत ड्रॉइंग काढणाऱ्याची सही, दुसरीत ट्रेस करणाऱ्याची, तिसरीत तपासणाऱ्याची. अकरा वर्षं माझी आद्याक्षरं दुसऱ्या चौकटीत पडत राहिली. मला त्याचं काही वाटत नसे. आमचे चीफ ड्राफ्ट्समन पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "शंका काढायची नाही. आहे तसं उतरवायचं." शंका न काढण्यात मी पटाईत झाले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात कॉम्प्युटर आला. आम्ही तिघी ट्रेसर होतो. एक बँकेत चिकटली, एक लग्न होऊन नाशिकला गेली. मी वेळ ओळखून घराजवळच, डोंबिवलीतल्या एका क्लासात सहा महिने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकले. दिवाळीच्या आधी चीफनी मला बोलावलं.

"दिवाळीनंतर ट्रेसिंगची टेबलं उठणार," ते म्हणाले. "तुम्ही घरी कॉम्प्युटर घेत असाल तर साच्यांची ड्रॉइंग मी तुमच्याकडे देईन. पण आधी एक देतो. ते बरोबर आलं तर पुढचं. चुकलं तर माझा इलाज नाही."

घरी येताना एकच विचार घोळत होता. नोकरी जाणार याचा नव्हे. आपल्याला जे एकच काम सुंदर येतं ते हातातून जाणार, याचा. चाळिशी दोन वर्षांवर आली होती. आता दुसरं काय शिकणार होते मी?

ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं कॉम्प्युटरचा डबा जुळवून द्यायचं कबूल केलं. मॉनिटर मात्र मीच निवडणार, असं मी बजावलं. क्लासात चौदा इंची होता, आणि त्यानं माझे सहा महिने हाल केले होते. पूर्ण ड्रॉइंग बघावं तर रेघा एकमेकींना चिकटून मुंग्यांची रांग व्हायची. जवळ जाऊन बघावं तर आपण बादलीच्या कडीपाशी आहोत की बुडाशी, तेच कळेना. मला कागदासारखी स्क्रीन हवी होती. सगळं एकदम दिसेल आणि बारीक रेघही बारीकच दिसेल अशी.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोर एक दुकान होतं. सासूबाईही माझ्याबरोबर निघाल्या, कारण ठाण्याच्या दातांच्या डॉक्टरांकडून त्यांची नवी कवळी आणायची होती. कवळी बसल्यावर त्यांनी रस्त्यावरच फुटाण्याची पुडी घेतली. "पैसे मोजलेत, चावतं की नाही ते इथंच बघते," म्हणाल्या, आणि चावतचावतच दुकानात शिरल्या.

दुकानदारानं दोन सतरा इंची मॉनिटर दाखवले. दोन्हीवर पोपटाचं रंगीत चित्र लावलेलं.

"मॅडम, दोन्हीचं रेझोल्युशन सेम. हा स्वस्तातला घ्या ना, कशाला जास्त घालताय?"

"पोपट राहू दे," मी म्हटलं. "ही फ्लॉपी लावा."

फ्लॉपीत क्लासात काढलेलं एका झाकणाचं ड्रॉइंग होतं. ते दोन्हीवर उमटलं आणि मला भरूनच आलं. अख्खं ड्रॉइंग समोर, आणि तुटक रेघ तुटक दिसत होती! मी स्वस्तातलाच घेणार होते. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्या रेघा नाचतायत."

"आजी, तुम्ही चावताय म्हणून तसं दिसतं," दुकानदार हसला.

"मग त्या दुसऱ्यावरच्या का नाही नाचत?"

मी त्यांच्या पुडीतले चार फुटाणे तोंडात टाकले आणि आळीपाळीनं दोन्ही स्क्रीन पाहिल्या. पहिल्यावरच्या आडव्या रेघा थरथरत होत्या. एकदा कळल्यावर मग न चावताही दिसायला लागल्या. पर्समधून ट्रेसिंगचं भिंग काढून पाहिलं, तेव्हा दुकानदारानं हात टेकले. "तो एक सोडून एक लाइन मारतो, मॅडम. म्हणून हलतो थोडा. सगळ्यांना नाय कळत." दिवसाचे आठ तास त्या थरथरीत घातले असते तर माझे डोळे वर्षभरात गेले असते. मी दुसरा घेतला. फंडातले पैसे त्यात गेले, आणि मी मागे वळून पाहिलं नाही.

आता जागेचा प्रश्न. आमच्या दोन खोल्या. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेलं प्लायवुडचं पार्टिशन होतं आणि त्यात एक कोनाडा होता. दुकानात घेतलेल्या मापांवरून मी वर्तमानपत्राच्या कागदावर मॉनिटरची समोरची बाजू मिलिमीटरला मिलिमीटर आखली, कापली आणि कोनाड्यात चिकटवली. चपखल बसली. ह्यांना बोलावून दाखवली, शेजारणीला दाखवली.

रविवारी ठाण्याहून शिळफाट्यामार्गे टेम्पो आला. दोघांनी मॉनिटर उचलून कोनाड्यात सरकवला. तो जेमतेम वीतभर आत गेला आणि थांबला. मागचं सगळं पोट बाहेर.

"वहिनी," टेम्पोवाला म्हणाला, "हा तर मागं लय लांब हाय."

अकरा वर्षं मी दररोज वस्तूची समोरची बाजू, वरची बाजू आणि कडेची बाजू उतरवत आले होते. त्या तीन बाजू मिळून एक वस्तू होते, हे कुठल्याही ड्राफ्ट्समनला झोपेत कळतं. मला कळलं नाही, कारण माझ्या लेखी त्या नेहमी कागदावरच्या रेघाच होत्या. हे हसले, शेजारीण हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. ज्या बाईला स्वतःच्या घरातल्या डब्याची खोली सुचली नाही, ती साचे काय काढणार?

बाहेर आले तर सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेल्या. कोनाड्याच्या बरोबर मागे त्यांची बरण्यांची फळी होती. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्या एकेक बरणी खाली उतरवत होत्या.

"सुताराला बोलाव," म्हणाल्या. "मागनं भोक पाड. त्याचं पोट राहू दे माझ्या बाजूला."

"आई, पण तुमच्या बरण्या?"

"बरण्या कुठंही राहतात. तू लाग कामाला."

असा आमचा मॉनिटर तोंडानं हॉलमध्ये आणि पोटानं स्वयंपाकघरात राहू लागला.

चीफनी पहिलं काम दिलं ते एका डब्याच्या साच्याचं. पेन्सिलीनं काढलेल्या दोन बाजू, समोरची आणि वरची. मी चार दिवसांत त्या उतरवल्या. रेघा अशा आल्या की पाहत राहावं. पाचव्या दिवशी चहा टाकायला उठले आणि स्वयंपाकघरात मॉनिटरचं ते पोट परत समोर आलं. गॅस बंद केला, येऊन बसले आणि कुणी न सांगता साच्याची कडेची बाजू काढली. अर्ध्या तासात ते दिसलं. साचा थंड करायला पाणी फिरतं ते भोक, तयार डबा बाहेर ढकलणाऱ्या पिनेच्या आरपार जात होतं. समोरून दिसत नव्हतं, वरून दिसत नव्हतं. असा साचा बनला असता तर पहिल्याच दिवशी पाणी गळलं असतं.

चूक चीफची होती, आणि माझं काम त्यांच्या हातात होतं. दोन दिवस मी ते गिळून बसले. शेवटी तिन्ही बाजू छापून घेतल्या, त्या जागी लाल पेन्सिलीनं गोल केला आणि वागळे इस्टेट गाठलं.

चीफनी कागद पसरला, चष्मा कपाळावर नेला आणि लाल गोलात वाकून पाहिलं. मग पेन्सिलीनं भोक सरकवून नवं माप लिहिलं.

"हे दुरुस्त करा. आणि एक चूक तुमचीही आहे," ते म्हणाले.

मी कागदावर वाकले. त्यांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. सवयीनं मी पहिल्या चौकटीत त्यांची आद्याक्षरं टाकली होती आणि दुसरीत माझी.

"हे ड्रॉइंग कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग तसं लिहा. सोमवारी पुढचं न्यायला या."

घरी आले ती चप्पल काढून थेट मॉनिटरपुढे बसले. अख्खा साचा समोर होता आणि कोपऱ्यातली चौकटही वाचता येत होती. भोक सरकवलं. मग दुसऱ्या चौकटीतली माझी अक्षरं पुसली. ब्लेड लागलं नाही. ती पहिल्या चौकटीत लिहिली आणि हात मांडीवर ठेवून नुसती पाहत बसले.

पार्टिशनच्या पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. थंडीत दही लागत नाही म्हणून हल्ली त्या विरजणाचं भांडं मॉनिटरच्या उबेला ठेवत.

"अगं, आज लवकर बंद करू नकोस तो. दही लागायचंय."

"नाही करत, आई," मी म्हटलं. "आता तो रोज चालणार आहे."